उजव्या गालावरचा मस

आमच्या देवळीत अश्वजितला लोक ठप्पेवाला म्हणतात. लाकडी फळीवर चित्र उलटं कोरायचं, शाई फासायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, की चित्र सुलटं उमटतं. पोटासाठी तो लग्नपत्रिका छापतो. उरलेला वेळ पुढाऱ्यांची तोंडं कोरण्यात घालवतो. बसस्टँडसमोर माझी चहाची टपरी आहे आणि त्याची चित्रं तिलाच चिकटतात, म्हणून ही हकीकत मीच सांगणार.

हा नाद त्याला दोघांनी लावला. पहिला त्याचा मामा कवडू, जयंतीच्या मिरवणुकीचे मोठाले पडदे रंगवणारा. एका काळ्या रेघेत माणूस उभा करावा तर त्यानंच. दुसरे नत्थूजी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बांबू-कागदाचा बडग्या निघतो. ज्यानं वर्षभर गावाला छळलं त्याचं सोंग करायचं, गावभर मिरवायचं आणि वेशीबाहेर जाळायचं. हे बडगे नत्थूजी करत. अश्वजितला ते सांगत, "नाक मोठं कर, डोये बारीक कर. पोटाले हात लावू नको. ते त्याचं तो वाढवते."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी सदाशिवरावांचा बडग्या केला. हे आमचे पुढारी. यांनी बांधलेला स्टँडचा रस्ता एका पावसाळ्यात वाहून गेला होता. नत्थूजींनी त्याच रस्त्याची गिट्टी बडग्याच्या पोटात भरली. मिरवणूक निघायच्या आत सदाशिवराव आपली माणसं घेऊन आले आणि इथंच स्टँडसमोर भरचौकात म्हाताऱ्याला म्हणाले, "फाड. तुह्याच हातानं फाड." नत्थूजींनी फाडला. वर त्यांना कान धरायला लावले. तेव्हापासून त्यांनी बांबूला हात लावला नाही, आणि अश्वजित दातओठ खात राहिला. या माणसाला त्याच चौकात नागडा करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात.

यंदा बडग्याच्या दिवशी सकाळीच त्यानं छाप चिकटवला. सदाशिवराव डांबरी रस्ता शेवईसारखा सुर्रकन ओढून गिळताहेत. नाव कुठंच नाही. गालावरचा ठसठशीत मस ओळखीला पुरे, असं त्याला वाटलं.

तिथंच घोळ झाला. रागाच्या भरात त्यानं फोटो समोर ठेवून जसाच्या तसा कोरला, उलटा करायचं विसरला. सदाशिवरावांचा मस डाव्या गालावर, छापात तो उजव्यावर गेला. लोकांना निमित्तच हवं होतं. चहाचे घोट घेत म्हणायचे, "हे काई आपले भाऊ नाई. मस तिकडं असते." आणि सटकायचे. भित्रे लेकाचे!

अश्वजित कपाळाला हात लावून बसला. "नत्थूजी, तुमचा बदला हुकला." नत्थूजी टपरीच्या बाकावर बसून चहा फुंकत होते.

तेवढ्यात गाडी थांबली. सदाशिवराव उतरले ते ओरडतच. "काऊन बे, माह्यं थोबाड छापून राह्यला?"

मी मुद्दाम साळसूद झालो. "भाऊ, हे तुम्ही नाई. तुमचा मस डाव्या गालावर हाय."

"मले शिकवतं काय? रोज दाढी करतो मी!" त्यांनी कॉलर धरून मला टपरीतल्या आरशासमोर ओढलं. "पाह्य! मस याच बाजूले हाय. नाक हेच, डोये हेच. मीच हावो हा!"

आरशात मस खरंच छापातल्यासारखा होता. गाव त्याला समोरून बघतं, तो स्वतःला आरशात. अख्ख्या देवळीत ते चित्र एकट्या त्यालाच तंतोतंत पटलं होतं.

"मंग रस्ताही तुम्हीच गिळला ना भाऊ?" अश्वजितनं गोड आवाजात विचारलं.

एकजण हसला आणि मग सगळं स्टँड फुटलं. थांबलेल्या एसटीच्या खिडक्यांतूनही लोक हसत होते. सदाशिवरावांनी छाप ओरबाडला. तेव्हा नत्थूजी बाकावरून उठले.

"फाड!" म्हातारा गरजला. "तुह्याच हातानं फाड!"

सदाशिवरावांनी फाडला. स्वतःचंच थोबाड, टराटरा, सगळ्या गावासमोर. माझ्या काळजात अशी गारेगार थंडक पडली म्हणून सांगू! अश्वजितनं शांतपणे पिशवीतून दुसरा छाप काढून त्याच जागी चिकटवला. तोही फाटला. मग तिसरा. शेवटी गाडीच धूळ उडवत निघून गेली.

नत्थूजी खाली वाकून कागदाचे तुकडे गोळा करू लागले. मी म्हटलं, राहू द्या, मी झाडतो.

"झाडू नको," ते म्हणाले. "बडग्याच्या पोटात भराचे हाय." मग अश्वजितकडे वळले. "जाय बाबू, बांबू घेऊन येजो. अजून मिरवणूक निघाची हाय."