जानरावांचं मस्त चालून राहिलं

आमच्या ऑफिसात जानरावांइतका नेटका शिपाई दुसरा नाही, आणि स्वयंपाकात त्यांच्याइतका गयाळ माणूस अख्ख्या अमरावतीत सापडायचा नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांची बायको केशरबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, तेव्हापासून हे एकटे. लेक दीपमाला तिकडे नर्स आहे. जानरावांच्या निवृत्तीला अजून चौदा महिने आहेत, त्यामुळे त्यांना जागचं हलता येत नाही.

मी त्यांचा भाडेकरू, शिवाय त्याच ऑफिसात बाबू. माझी बायको-पोरं अकोल्याला. शनिवारी जातो, सोमवारी परततो आणि मधले दिवस खानावळीतली पातळ डाळ पिऊन काढतो. पण मी निदान चारचौघांत कुरकुर तरी करतो. हा माणूस तेही करत नाही. रोज संध्याकाळी केशरबाईचा फोन येतो. ती विचारते, "कसं चालू हाये?" आणि गॅसवर खिचडी करपत असताना हा छाती फुगवून सांगतो, "मस्त चालून राहिलं. तू फिकर नको करू." पातळशा भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं आणि मनापासून राग येतो. मस्त चाललेल्या माणसाला पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागत नाहीत. फायलींचा गठ्ठा वर नेताना तो जिन्यात दोनदा बसत नाही.

एका रविवारी तपासणीच्या तयारीसाठी दुपारपर्यंत ऑफिस होतं, म्हणून माझं अकोल्याला जाणं हुकलं. परत येताना जानराव म्हणाले, "नितेशबाबू, आज खानावळीत नका जाऊ. वांग्याची भाजी करतो, तर्रीवाली. केशर करते ना, तशी." मला एकदम खानावळीची पातळ डाळ गोड वाटायला लागली. पण त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की नाही म्हणवेना.

त्यांनी गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर चढवला, तेल ओतलं आणि युद्धाला सुरुवात झाली. खोबरं भाजता भाजता काळं झालं, कांदा मात्र कच्चाच राहिला. तिखट असं काही टाकलं की आम्ही दोघं खोकत खोकत दारापर्यंत गेलो. मी वांगी चिरायला घेतली. जानराव स्टुलावर टेकले.

"काम तं तेवढंच हाये, बाबू," ते म्हणाले. "पन घरी आल्यावर कोनी 'आले का' म्हनत नाई ना, त्यानं मानूस थकते."

मी मान हलवली. मलाही खोलीचं कुलूप उघडताना रोज हेच वाटतं, पण मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी म्हणे तो दुपारीच येतो. जानरावांचे हात मसाल्याचे, म्हणून त्यांनी कोपरानंच स्पीकर चालू केला. भाजी करतोय म्हटल्यावर केशरबाई खूश झाली. खोबरं भाजलं की जाळलं, हे तिनं तिथूनच ओळखलं. तेल सुटेपर्यंत हलवा, मग वांगी सोडा, पाणी गरम करूनच घाला, असं सगळं सांगून झालं.

"अन् शेवटी वरून कोथिंबीर टाका."

जानरावांचा हात थांबला. "काय टाकू?"

"कोथिंबीर."

"केशर, सांबार म्हन ना."

"अवो, इथं सांबार म्हटलं तं हासतात. पयल्या दिवशी भाजीवालीले सांबाराच्या दोन जुड्या मांगतल्या, तं तिनं मले इडलीवाल्याचा पत्ता सांगतला! आता कोथिंबीरच तोंडात बसली."

मी खो खो हसलो. जानराव हसले नाहीत. नांदगाव खंडेश्वरची ही बाई, बत्तीस वर्षं त्यांच्या घरात सांबारच निवडत आली होती. त्यांनी गॅस बारीक केला आणि बाहीनं तोंड पुसलं.

"केशर, मले नाई जमून राहिलं."

"काय, भाजी?"

"काहीच नाई. सहा महिने झाले, तुयाशी खोटं बोलून राहिलो. दोन्ही टाइम खिचडी खातो. घर खायले उठते. तू ये आता."

खरं तर मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण मी तिथंच बसून राहिलो. जे मी सहा महिने यांच्या तोंडून ऐकायला टपलो होतो, ते ऐकल्यावर मला अजिबात बरं वाटलं नाही.

फोनमधून बाळाचं कुरकुरणं आलं, मग केशरबाईचा आवाज.

"हे मागच्या आठवड्यात काहून नाई म्हटलं? दीपमालाची सुट्टी संपत होती. ती म्हने, आई, बाळासाठी बाई पाह्यली हाये, तू जा बाबाकडे. मी बॅग भरली. मंग तुमाले विचारलं, कसं चालू हाये. तुमी म्हटलं, मस्त. मंग मीच तिले म्हटलं, बाई कायले ठेवतं, मीच राहीन वर्षभर. परवा गेली ती कामावर."

भाजी बुडाला लागत होती, म्हणून मीच गॅस बंद केला.

"आता तुमीच सांगा," ती म्हणाली. "कसं सोडू तिले?"

"नको सोडू," जानराव म्हणाले. "पोरीची नोकरी हाये."

"तुमाले विचारल्यावर 'राहीन' असं लगेच नाई सांगतलं मी तिले. बॅग दोन दिवस तशीच भरून ठेवली होती," केशरबाई म्हणाली. "वाटे, तुमी 'ये' म्हनाल."