तेलाच्या दिव्यावरचा गणपती

माझ्यात श्रद्धा किती होती आणि आळस किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा महिनाभर अधूनमधून लागत होता. इंजिनातले तेल बदलायची वेळ केव्हाच टळली होती. मी शहाण्याने काय केले, तर त्या दिव्यावरच गणपतीचे स्टिकर चिकटवले आणि हात जोडले. दिवा दिसेनासा झाला, मी निर्धास्त झालो.

वैशाखातल्या एका दुपारी बाबांना भिवापूरहून नागपूरच्या दवाखान्यात नेत होतो. त्यांच्या छातीत पाणी झाले होते. मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर मान टाकून ते कसाबसा श्वास घेत होते. उमरेड मागे पडले आणि इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. मी गणपतीकडे पाहिले आणि गाडी तशीच दामटली. थोड्याच वेळात इंजिन जाम होऊन गाडी थांबली. ॲम्ब्युलन्सला तासभर लागेल, असे फोनवर कळले. बाबांचे ओठ निळे पडत होते. मी रस्त्यावर बसून रडलो. "देवा, माझी अक्कल संपली," एवढेच तोंडातून निघाले.

तेवढ्यात मिरचीची पोती भरलेली एक पिकअप थांबली. उतरलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने बॉनेट उघडून तेलाची पट्टी पाहिली. "तेल त हाय गा. पण पंपाची जाळी जुन्या तेलाच्या गाळानं बुजली असंन. पंपानं खालचं तेल ओढून वर नाही फेकलं, त लोखंड लोखंडाले खाते. दिवा नाही लागला?"

मी स्टिकर खरवडून खालचा दिवा दाखवला.

"देवाले दिव्यावर काहून बसवलं गा? तो त तुले सांगून राहिला होता."

त्याने आईबाबांना पुढे घेतले. मी मागे पोत्यांवर बसलो. डोळ्यांतले पाणी मिरचीचे किती आणि लाजेचे किती, देव जाणे. दवाखान्यात बाबांना आत नेऊन मी परतलो, तर पिकअप निघून गेली होती. नावसुद्धा विचारायचे राहिले.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. बाबा नऊ दिवस जगले. आठव्या दिवशी मी त्यांना स्टिकरचे खरे सांगितले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तेल बदलत जाय, बापा," एवढेच म्हणाले.

आई म्हणते, गणपतीच आला होता. मी वाद घालत नाही. ते नऊ दिवस मिळाले, त्याचे उपकार फिटणार नाहीत. देवावर भार टाकायचा तो आपले हात चालवून झाल्यावर, हे मला फार महागात कळले. आता तेल वेळेवर बदलतो, जाळी साफ करून घेतो. चावी फिरवली की तो लाल दिवा लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझेपर्यंत मी हात जोडून बसतो.