भावोजींचं वाटून घेतलेलं यंत्र

आख्ख्या कर्जत तालुक्यात असा एकही माणूस नसेल ज्याला माझ्या भावोजींनी मोठ्या संगणकांचा इतिहास सांगितलेला नाही, आणि असाही एक नसेल ज्याला तो पूर्ण सांगितला आहे. बाळांनो, भावोजी म्हणजे तुमच्या आजोबांचे आतेभाऊ. आमच्या शेजारच्याच घरात राहतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ते मुंबईच्या एका संस्थेत संगणक चालवायला जात. तो संगणक मंगल कार्यालयाएवढ्या खोलीत राहायचा आणि त्याला उकाडा सोसायचा नाही. त्यामुळे भावोजी ऐन मे महिन्यात हातावर स्वेटर टाकून घराबाहेर पडत. गावाने त्यांना तेव्हाच वेड्यात काढलं होतं.

त्याआधीच्या काळात म्हणे आपलं काम भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून खिडकीत द्यायचं आणि उत्तराला दुसऱ्या दिवशी यायचं. उत्तर काय, तर एक स्वल्पविराम राहिलाय. तो घालून पुन्हा रांगेत. मग अमेरिकेतल्या काही मंडळींच्या लक्षात आलं की माणूस विचार करायला फार वेळ घेतो, आणि तेवढ्यात यंत्र इतर कितीतरी जणांचं काम पुढे सरकवू शकतं. त्यांनी एकाच यंत्राला टाइपरायटरसारखे पुष्कळ कळफलक जोडले आणि आत एक घड्याळ बसवलं. घड्याळाने टोकलं की हातातलं काम आहे तिथे, आहे तसं बाजूला ठेवायचं, पुढच्याचं घ्यायचं, आणि फिरून पहिल्याकडे यायचं. हे सगळं इतक्या झपाट्याने, की प्रत्येकाला वाटावं, यंत्र माझ्या एकट्याच्या दिमतीला आहे. "वहिनी, याच्याइतका न्याय मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही," असं म्हणून भावोजी उठून जात, कारण माझी वेळ संपलेली असे.

हो, माझी वेळ. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच ते यंत्र व्हायचं ठरवलं. खिशात एक छोटं गजराचं घड्याळ, आणि दर सहा मिनिटांनी घंटा. दाढी, झाडांना पाणी, शब्दकोडं, जेवण, पाहुणे, सगळं पाळीपाळीने. एकदा अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेले. दुकानदार हसला, तर म्हणाले, "दाढी राहिलेली नाही, तिची पाळी यायची आहे." त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, कपाळाला हात लावते. "एवढा संसार झाला, पण एक भांडण शेवटापर्यंत गेलं असेल तर शपथ! मी जरा रंगात यावं, की यांची घंटा." नवल म्हणजे त्यांचं काहीच हरवत नसे. मंगळवारी बाजारात "म्हणून" या शब्दावर सोडलेलं वाक्य शुक्रवारी ते बँकेच्या पायरीवर तिथूनच पुढे चालू करत. ऐकणाऱ्याला "म्हणून" म्हणजे कशामुळे, ते आठवेपर्यंत सहा मिनिटं होऊन जात.

गेल्या वर्षी मात्र एकदा ते झाडांकडून परत आले, माझ्यासमोर बसले, आणि खिशातलं घड्याळ काढून बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी कुठे होतो?" मी हसण्यावारी नेलं. पुढे ते वारंवार व्हायला लागलं. डॉक्टर वयाकडे बोट दाखवतात. भावोजींना दुःख एकाच गोष्टीचं: तो इतिहास त्यांना लिहायचा होता. वही काढून दाखवली, तर पहिल्या पानावर सुरेख अक्षरात नुसतं शीर्षक. "बाकी सगळ्यांची पाळी आली हो, हिचीच राहिली. आणि आता सुटत चाललंय."

मी कुकरच्या गॅरंटीचे कागदसुद्धा तारीखवार लावून ठेवणारी बाई. हे मला बघवेना. मग मनात आलं, इतिहास हरवलाय कुठे? तो गावभर तुकड्यांनी ठेवलेला आहे. मी रजिस्टर घेऊन तो गोळा करायला निघाले.

भिवपुरीकडून भाजी घेऊन येणारी पारू म्हणाली, "आजी, मला रांगेचं सांगितलंय. ज्याचं काम बारकं त्याचं आदी, लांबलचक असंल त्यानं मागं बसायचं. मी म्हनलं, बाबा, ह्ये आमच्या पिठाच्या गिरनीवर बी हाय, त्याला अमेरिका कशाला? तर घंटा झाली नि बाबा गेले. मिरच्या इथंच! अजून न्यायला नाय आले." माथेरानचा एक घोडेवाला चारा न्यायला खाली उतरतो, त्याच्याकडे अपघाताचं प्रकरण निघालं. एकदा दोन कागदांची अदलाबदल होऊन, रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे गुप्त परवलीचे शब्द सगळ्यांसमोर छापून आले. "म्हंजी बघा आजी, सकाळच्या रामरामाच्या जागी साऱ्या गावाच्या कुलपांच्या चाव्या! मी असा हसलो, माजा घोडा बुजला." न्हावी, पोस्टमन, गुरांचे डॉक्टर, प्रत्येकाकडे काहीतरी होतंच. आणि गंमत अशी, की प्रत्येकाला वाटत होतं, मुख्य भाग भावोजींनी आपल्यालाच सांगितलाय.

मागच्या रविवारी मी ओसरीवर बसून त्यांना सगळं सलग वाचून दाखवलं. खिशातली घंटा वाजली. त्यांनी ती दाबली आणि म्हणाले, "वाचा, वाचा." घोडेवाल्याच्या भागाला मात्र त्यांनी मला अडवलं. "सकाळी नाही, वहिनी. शुक्रवारी संध्याकाळी, लोक घरी जायच्या बेतात असताना." जाऊ दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच चहा टाकायला आत गेली.

एकच तुकडा सापडत नाही: त्यांच्या संस्थेतला तो मोठा संगणक शेवटी बंद केला तो दिवस. बटण कोणी दाबलं, भावोजी काय म्हणाले, काहीच नाही. त्यांनाही आठवत नाही. "पण मी कुणाला तरी सांगितलंय. नक्की सांगितलंय," असं ते म्हणत राहतात. जावेने आठवण काढली, की तुम्ही दोघं मागच्या खेपेला आला होता तेव्हा एका दुपारी ते तुमच्यामध्ये बसून करवंदं खात बराच वेळ काही सांगत होते, आणि उठून आल्यावर त्यांनी डोळ्यांवर पाणी मारून तोंड धुतलं होतं.

तेव्हा नीट आठवा. एकाला एक सुचेल, दुसऱ्याला दुसरं. मराठीत जमलं नाही तर इंग्रजीत लिहा, मी बघून घेईन. चुकलं तरी हरकत नाही. चूक दिसली की ते अजून ताठ बसतात, डोळे लख्ख होतात, आणि थोडा वेळ ते आमच्यात पूर्ण असतात. मी रजिस्टरमध्ये चार पानं कोरी ठेवली आहेत.