वरंधला गेलेला पाळणा

दत्तोपंत पोतनीस बावन्नाव्या वर्षी बँकेतून घरी बसले. ही २००१ सालची गोष्ट. बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती आणि महाडच्या शाखेतले तिघेजण एकाच दिवशी गळ्यात हार घालून बाहेर पडले. बाकीचे दोघे लगेच पुण्यात फ्लॅट बघायला लागले. दत्तोपंत दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसले, पेपर वाचला, परत एकदा वाचला, आणि साडेदहाला उठून चपला घालायला लागले.

"कुठे निघालात?" विनोदिनीबाईंनी आतून विचारलं.

दत्तोपंतांनी चपला काढल्या. "अगं, काही नाही. सवय."

मी त्यांच्या शेजारचाच. ते उन्हाळ्याचे दिवस मी जवळून पाहिले.

आमच्या महाडात घरातल्या सामानाला दरसाल जिना चढावा लागतो. सावित्रीला पूर आला की खालच्या आळ्यांमध्ये पाणी शिरतं, म्हणून जून लागला की लोक ट्रंका, गाद्या, धान्याचे डबे माळ्यावर नेऊन ठेवतात. दिवाळीच्या आधी ते पुन्हा खाली येतं. पोतनिसांच्या घरात तीन पिढ्यांचं सामान होतं आणि त्यातलं निम्मं एकदा वर गेलं ते कधी खाली आलंच नव्हतं. मुलगा आमोद होता तोवर चढवाचढव होत होती. आता तो नोकरीसाठी बंगळूरला, मुलगी मैथिली लग्न होऊन पुण्याला, आणि दत्तोपंतांचे गुडघे बोलायला लागलेले.

"या वर्षी चढवायचं नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "काढायचं. नको ते विकून टाकू. तुम्हाला वेळ आहे, मला हुरूप आहे."

आधी भंगारवाल्या मुरारीला बोलावलं. त्यानं पितळेचा पाण्याचा बंब उचलला आणि काट्याला लावला. ते बघून दत्तोपंतांना कसंतरीच झालं. त्या बंबाच्या पाण्यानं वडील दिवाळीत पहाटे त्यांना अंघोळ घालत.

"मुरारी, ठेव तो खाली. वजनावर नाही द्यायचं. ज्याला वापरायचाय त्यालाच द्यायचा."

"मग असा माणूस शोधा तुमीच," मुरारी हसून म्हणाला आणि नुसती रद्दी घेऊन गेला.

दत्तोपंतांनी ते मनावर घेतलं. ओटीवर सामान मांडलं. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली, तिच्यावर आपल्या ठसठशीत अक्षरात किंमत आणि खाली दोषही लिहिला. 'पंखा. तीन नंबरवर आवाज करतो.' 'घडवंची. एक पाय नवा बसवलेला.' गावात चर्चा झाली. दोष सांगून माल विकणारा माणूस महाडच्या बाजारपेठेनं तोवर पाहिला नव्हता. लोक आधी चिठ्ठ्या वाचायला आले आणि मग घ्यायलाही लागले. बंब एका निवृत्त मास्तरांनी नेला. हिरकणीवाडीहून रंगूबाई नावाची बाई आली. किल्ल्याच्या रोपवेला येणाऱ्या माणसांना ती झुणका-भाकर खाऊ घालायची. पन्नास पानांचं मोठं पातेलं तिनं उलटं केलं, बुडाला बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि पातेलं डोक्यावर घेऊन चालायला लागली. मग परत येऊन पैसे दिले.

दत्तोपंतांना या सगळ्याची गोडी लागली. ते मला म्हणाले, "अरे, अठ्ठावीस वर्षं मी काचेच्या अलीकडून लोकांशी बोललो. ही माणसं मला आत्ता भेटतायत."

एप्रिलच्या शेवटी विनोदिनीबाई पुण्याला गेल्या. मैथिलीचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी घाटातून प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. निघताना त्या बजावून गेल्या, "ओटीवरचं आहे ते विका. माळ्यावरचं मी आल्यावर बघू."

दत्तोपंत हो म्हणाले. पण ओटी आठवड्यातच रिकामी झाली.

मग एक दिवस हैबती आला. वरंधचा शेतकरी, साठीला टेकलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडून त्याला कळलं होतं.

"साहेब, पाळना हाय का तुमच्याकडं?"

"पाळणा?"

"व्हय. नवा नको. नवा बाजारात बी गावतो. ज्यात पोरं वाढली, जगली, असा पायजे. आमच्या सुनंचं दोनदा पोटातच गेलं. आता तिसऱ्यानं पोरगा झालाय. म्हातारी म्हनते, भरल्या घरातला पाळना आना."

दत्तोपंत माळ्यावर चढले. पाळणा एका कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला होता. सागवानी, लाखेच्या रंगाचा, चार कोपऱ्यांवर चार कातीव पोपट. त्यात ते स्वतः झोपले होते, मग आमोद, मग मैथिली. पण त्या क्षणी त्यांना एवढंच दिसलं, की हा पंचवीस वर्षं रिकामा आहे आणि खाली उभ्या माणसाला तो हवा आहे. विनोदिनीबाईंचे शब्द त्यांना आठवलेच नाहीत असं नाही. पण एका पाळण्यानं काय होतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चिठ्ठी नाही, घासाघीस नाही. हैबतीनं जे दिलं ते घेतलं आणि पाळणा एसटीच्या टपावर बांधायला ते स्वतः स्टँडपर्यंत गेले.

पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला. मैथिलीला मुलगी झाली होती. दत्तोपंतांनी आळीभर पेढे वाटले. संध्याकाळी पुन्हा फोन वाजला.

"अहो, मैथिलीच्या सासरच्यांना विचारलं. महिन्यानं बारसं आपल्याकडेच, महाडला करायचं ठरलंय. आपला पाळणा खाली काढा. पोपट नीट पुसा, कापडानं, पाणी लावू नका."

"हो," दत्तोपंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ते वरंधला गेले. जाताना सगळं पाठ केलं होतं. चूक झाली म्हणायचं, दुप्पट पैसे द्यायचे, शिवाय नवा पाळणा घेऊन द्यायचा.

हैबतीच्या घरात शिरताना त्यांना आधी कड्यांची बारीक करकर ऐकू आली. पाळणा माजघरात आढ्याला टांगलेला होता. पोपटांना कुणीतरी तेलाचा हात फिरवला होता. आत मूठभर मूल मुठी वळून झोपलेलं. त्याची आई समीक्षा बाजूला बसून एका हातानं दोरी ओढत होती आणि दुसऱ्या हातानं तांदूळ निवडत होती. हैबतीची बायको प्रयागबाई पदर सावरत पुढं आली आणि दत्तोपंतांच्या पायाला हात लावायला वाकली.

"अहो, नको, नको."

"नको कसं? तुमच्या पाळन्यात घातला त्या राती पोर पहिल्यांदा सबंद निजलं बघा. सूनबी निजली. म्हयन्याभरात कुनी डोळ्याला डोळा लावला नव्हता."

हैबतीनं त्यांना घोंगडीवर बसवलं, लोटाभर ताक दिलं आणि विचारलं, "काय काम काढलंत साहेब?"

"काही नाही. सहज आलो होतो."

"वरंधला सहज कोन येतं?"

दत्तोपंतांनी ताकाचा लोटा तोंडाला लावला. जेवूनच निघाले. हैबतीनं बरोबर एक फणस दिला. गुडघेदुखीचा तो माणूस खांद्यावर फणस घेऊन आमच्या आळीत शिरताना मी पाहिला. घामाघूम, आणि चेहरा उतरलेला.

त्याच संध्याकाळी त्यांनी फोन लावून बायकोला खरं ते सांगितलं. पलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर आठ दिवस फोन मैथिलीच करत होती.

बारशाच्या आधी चार दिवस विनोदिनीबाई महाडला आल्या. चहासुद्धा न घेता माळ्यावर गेल्या. जिथं पाळणा होता तिथल्या धुळीत चार पायांच्या चार स्वच्छ खुणा होत्या. दत्तोपंत जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहिले.

"मी सांगून गेले होते," त्या वरूनच म्हणाल्या.

"हो. माझं चुकलं. मी मागायला गेलो होतो, पण—"

"त्या माणसानं काय म्हणून मागितला होता? नीट सांगा. फोनवर मी ऐकलं नाही."

दत्तोपंतांनी हैबतीचे शब्द आठवतील तसे सांगितले. भरल्या घरातला पाळणा. दोनदा पोटातच गेलेलं. ऐकता ऐकता विनोदिनीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या.

"तुम्हाला सासूबाईंनी कधी सांगितलं नाही ना?"

"काय?"

"तुमच्या आधीची दोन. एक सहा दिवसांचं गेलं, एक तीन महिन्यांचं. मग तुमच्या वेळी मामंजी पोलादपूरला गेले. तिथं एका घरात सात मुलं होती, सातही धडधाकट. त्यांच्या दारात उभं राहून त्यांनी पाळणा मागितला. त्या बाईनं आपलं सातवं लेकरू उचलून काखेत घेतलं आणि पाळणा दिला. आमोदच्या वेळी सासूबाईंनी मला हे सांगितलं. म्हणाल्या, दत्तूला बोलू नकोस, पुरुषांना असलं मनाला लागतं."

दत्तोपंत पायरीवर बसले. बावन्न वर्षं ज्याला ते आपला पाळणा म्हणत आले होते, तो कुणीतरी आपलं मूल उचलून त्यांच्यासाठी मोकळा केला होता. त्या बाईचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. विनोदिनीबाई उठल्या.

"मला वरंधला घेऊन चला. बाळ बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. विनोदिनीबाईंनी नातीसाठी शिवलेल्या दोन कुंच्यांपैकी एक बरोबर घेतली होती. बोलता बोलता बारशाचा विषय निघाला आणि हैबतीला सगळा उलगडा झाला. तो ताडकन उठला.

"त्या दिशी बोलला का नाय साहेब? थांबा, आत्ता सोडतो. एक दिस आमी निभावू."

"मुळीच सोडायचा नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "झोपलेलं मूल कशाला उठवता?"

"मंग तुमच्या नातीचं नाव कशात ठेवनार?"

त्यावर प्रयागबाईच पुढं झाली. "मी येते की बाई. झोळी बांधते. ह्या घरातली समदी झोळीतच वाढली. माज्या हातची गाठ आजवर सुटली नाय."

आणि ती आली. बारशाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं हैबती, प्रयागबाई आणि बाळाला घेऊन समीक्षा, असे सगळे आले. विनोदिनीबाईंनी वापरून मऊ झालेलं एक नऊवारी लुगडं काढून दिलं. प्रयागबाईनं ते आढ्यावरून टाकलं, खालून वळवलं, गाठ मारली आणि स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघितली. मैथिलीच्या पुण्याच्या सासूबाईंचा जीव वरखाली होत होता. पण झोळीत ठेवल्या ठेवल्या मुलगी जांभई देऊन झोपली तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता हिला नावासाठी उठवायची का?"

बायकांनी झोळीखालून वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं. आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं. ईरा. समीक्षाच्या बाळाचं बारसं वरंधला आधीच झालेलं होतं, तरी विनोदिनीबाईंनी तिची ओटी भरली, बाळाला ओवाळलं. दत्तोपंत सगळ्यांना घुगऱ्या वाढत फिरत होते. हैबतीच्या पानात त्यांनी तीनदा वाढल्या.

"बास की साहेब."

"घ्या हो," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी चौथ्यांदा डाव पुढं केला.

दुपारी दत्तोपंत आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. वरंधवरून जाणारी भोरची गाडी लागली होती. हैबतीनं खिडकीची जागा सुनेला दिली, आपण दांडीला धरून उभा राहिला. गाडी निघताना दत्तोपंत खिडकीपाशी गेले आणि झोपलेल्या बाळाच्या पायाला एक बोट लावलं.

परत येताना वाटेत ते एवढंच बोलले, "उद्या पोलादपूरला जाऊन येतो. सात भावंडांचं घर होतं म्हणतात. विचारून बघतो कुणाला आठवतंय का."