पोरींच्याच अंगठ्याचं दार

हिंगोलीजवळच्या गोरेगावात आमच्या दुकानावरची खोली रिकामी होती. म्हटलं, पोरींसाठी अभ्यासिका काढू. शेजारच्या भाऊजींची मोठी लेक पोलीस भरतीची तयारी करत होती, आणि घरात टीव्ही, पाहुणे, भांडी यातून तिला पुस्तक उघडायला फुरसत मिळत नव्हती. पण भाऊजी अडून बसले.

"वहिनी, बोर्डावर 'फक्त मुलींसाठी' लिहून काय होतं? टवाळ पोट्टे बोर्ड वाचतेत व्हय? पोरींबिगर कोणालाच दार उघडाय नको. तवा पाठवतो."

पोरगी खाली मान घालून उभी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांबा, तसंच दार करून दाखवते!

हिंगोलीत एक व्यायामशाळा बंद पडली होती. तिथलं अंगठ्याचं मशीन आणून दाराला बसवून घेतलं. पण पोरींचे अंगठे त्यात भरायला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याची सीडी जुन्या मालकानं कधीच हरवलेली. मग बसले नेटवर शोधत. पहिल्यांदा उतरवलं ते भलतंच निघालं, लॅपटॉपवर नुसत्या जाहिराती नाचायला लागल्या. मेली पीडाच! शेवटी मशीन भिंतीवरून काढलं, पाठीमागचा मॉडेल नंबर चष्मा लावून वाचला आणि कंपनीच्या साइटवर टाकला. सापडलं! खोलीत एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

सॉफ्टवेअर बसलं, वायर जोडली, तर मशीन म्हणे आधी जुन्या मालकाचा अंगठा आणा. फोन केला. तो पैलवान गडी बिचारा जीपनं आला, अंगठा टेकवला आणि यादी उघडली. बघते तर काय, व्यायामशाळेतले झाडून सगळे पोट्टे! ज्यांना आत घ्यायचं नाही, नेमकं त्यांनाच दार उघडत होतं. अगं बाई गं!

"काढा ताई सगळ्यायला," पैलवान हसून म्हणाला. "मलाबी काढा."

आधी माझा अंगठा मुख्य म्हणून भरला, मग एकेक नाव पुसलं. काय मजा आली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या लेकीचा अंगठा भरला आणि भाऊजींना बोलावलं. त्यांनी स्वतःच अंगठा लावला. मशीनमधली बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन."

"काय म्हणून राहिली?"

"पुन्हा लावा म्हणते."

ती एवढ्या अदबीनं सांगते म्हटल्यावर भाऊजींनी दहाही बोटं लावून बघितली. दार काही हललं नाही.

"मलाबी न्हाई?" भाऊजी म्हणाले. "मी बाप हाय तिचा!"

"तुम्हालाही नाही."

मग पोरीनं अंगठा ठेवला. खट्ट करून दार उघडलं आणि ती पुस्तकं घेऊन आत गेली. तिच्यामागं दार बंद झालं.

भाऊजी बाहेरच, बंद दाराकडं बघत. मला वाटलं, आता चिडतात. तर डोळे पुसत हसायलाच लागले.

"वहिनी," ते म्हणाले, "धाकटी आठवीलाच हाय. पण तिचाबी अंगठा घेऊन ठेवता का?"