कोमट

आमच्या ह्यांना सगळे थर्मामीटर म्हणायचे. एकतीस वर्षं ह्यांनी एअर-कूल्ड मोटारसायकली दुरुस्त केल्या, आणि गाडीला ताप आहे की नाही ते हातानं सांगितलं. गाडी चार किलोमीटर पळवून आणायची, उभी करायची आणि लगेच तळहात फिरवायचा. आधी गिअरबॉक्सच्या पोटाला, मग चेनला, शेवटी दोन्ही चाकांच्या मधोमध, हबला. इंजिनाजवळ हात नुसता धरायचा, टेकवायचा नाही. हब तापलेला लागला आणि "मागचं बेअरिंग जातंय," म्हणाले की ते जायचंच. फुशारकी तर विचारू नका. मी म्हणायचे, एवढा हात चालतो तर घरात का नाही चालत?

मग साखर वाढली आणि हातांतली जाणीव गेली. कळलं कसं? एका सकाळी हे दुकानासमोर स्टुलावर बसून गप्पा मारत होते, हात नुकत्याच बंद केलेल्या इंजिनावर. मी डबा घेऊन गेले तर करपल्याचा वास. मला वाटलं वायर जळतेय. वायर कसली, ह्यांचा तळहात! आणि हे आपले हसून बोलतायत. मी हात ओढून काढला तर म्हणाले, "काय झालं?" मी तळहात उलटा करून दाखवला.

गेलेली जाणीव परत येणार नाही, डॉक्टरांनी सांगून टाकलं. लेकीनं गाडीचा ताप मोजायचा मीटर आणून दिला. त्याची एक वायर स्पार्क प्लगखाली, दुसरी गिअरबॉक्सच्या बोल्टला. आठ दिवस हे त्या मीटरवर रुसून होते, मग सवय झाली. इंजिन एकशे साठ अंश, गिअरबॉक्स ऐंशी, ठीक. पण चाक फिरतं, फिरत्या हबला वायर कशी बांधणार? लेक म्हणाली, लांबून ताप मोजणारी पिस्तुलं मिळतात. "चकचकीत हबवर ती खोटं बोलतात," हे म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तू आहेस ना."

झालं, मी मागच्या सीटवर. चक्कर मारून आलो की उतरून हबला हात लावायचा आणि सांगायचं. गार, कोमट, गरम, तीनच शब्द ठरले होते. खरं सांगते, मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत ह्यांना पहिल्यांदाच माझ्या मताची गरज पडली होती.

नर्सबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनं देतात. मागच्या चाकातून घरघर येते म्हणाल्या. आम्ही चक्कर मारली, मी हात लावला. "कोमट."

"नक्की?" ह्यांनी विचारलं.

"अहो, कोमट म्हणजे कोमट. आता काय लिहून देऊ?"

घरघर चेनचीच असेल म्हणून ह्यांनी चेन ताणली, तेल दिलं आणि गाडी दिली. दुसऱ्या दिवशी वळणावर मागचं चाक जाम झालं. नर्सबाई पडल्या, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मागून काही येत नव्हतं म्हणून जीव वाचला.

गाडी दुकानात आली. हब उघडला तर ग्रीस जळून काळं, बेअरिंग निळं पडलेलं. मग ह्यांनी मीटर लावलेली गाडी चालू केली, तापू दिली आणि मला हाक मारली.

"गिअरबॉक्सला हात लाव. मीटरकडे बघू नकोस. कसं आहे?"

"कोमट."

"ठेव अजून. आता?"

"कोमटच आहे हो."

ह्यांनी मला मीटर दाखवला. सहासष्ट. "इथं माणूस दोन सेकंद हात ठेवू शकत नाही," हे हळूच म्हणाले.

मी उकळतं पातेलं फडक्याशिवाय उतरवणारी बाई. सासूबाई कौतुक करायच्या, सुनेचा हात बघा कसा तयार झालाय. तयार कसला, मेला होता. मलाही पत्ता नव्हता. ह्यांनी मीटर बंद केला आणि हब पुसायला घेतला. चार शिव्या दिल्या असत्या तर रडता तरी आलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई आल्या, हात प्लास्टरमध्ये. ह्यांनी नवं बेअरिंग बसवून ठेवलं होतं. "काकू, तुम्ही हात लावून बघितलंत ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी दुकान चाललं असतं. मी म्हणणारही होते.

"बाई," हे म्हणाले, "आमच्या दोघांच्याही हातांना आता कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं. तुम्ही पडलात ते आमच्यामुळे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही ऐकलं.

नर्सबाईंनी प्लास्टरचा हात सावरून घेतला. "मी सगळ्यांना खड्ड्यामुळे पडले असंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. किल्ली उचलून म्हणाल्या, "गाडी कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवून घेते, काका. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

एका हातानं त्यांना गाडी कशी ढकलणार? ह्यांनीच ढकलली, कोपऱ्यापर्यंत. मी नर्सबाईंची पिशवी घेऊन मागून गेले. तिथला मेकॅनिक आमच्या लेकीच्या वयाचा. त्यानं चक्कर मारली, उतरून मागच्या हबला तळहात लावला, डोळे मिटले. अगदी ह्यांच्यासारखेच.

"एकदम गार," तो म्हणाला. "काय सुंदर बसवलंय. कुणाचं काम?"

नर्सबाई खाली बघायला लागल्या.

"होता एक मेकॅनिक," हे म्हणाले.

ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, हेच ते, ह्यांनीच बसवलंय. पण मी नुसती नर्सबाईंची पिशवी त्यांच्या चांगल्या हातात दिली.