हळद, अक्षता, पाठवणी आणि टाइम ट्रॅव्हल

आमचा सिनेमा सगळा मिळून पन्नास मिनिटांचा. पण त्याचे किस्से सांगायला बसलो की चहाचे तीन राउंड होतात आणि तरी उठताना कुणीतरी म्हणतंच, "सर, शेळीचं राहिलं की!" सिनेमा एकदाच संपला. किस्से काही संपेनात. म्हणून म्हटलं, निदान चांगले चांगले तरी लिहून ठेवावेत.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतो. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढून बघण्यापुरता. एका रविवारी रहिमतपूरच्या सलीमभाईंचा फोन आला. सलीमभाई म्हणजे आमच्या भागातले लग्नाचे व्हिडिओ शूटिंगवाले. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात एकदा तरी त्यांच्या कॅमेऱ्याकडे बघून घास भरवलेला आहे.

"सर, सांगलीला हौशी सिनेमांची स्पर्धा हाय. तुमी लिवायचं, मी शूट करायचं."

"विषय काय?"

"टाइम ट्रॅव्हल!"

मला वाटलं टुरिस्ट गाड्यांचा काही धंदा काढताहेत.

* * *

गोष्ट सलीमभाईंच्या डोक्यात तयार होती. सोळा वर्षांची गौरी दळण घेऊन गिरणीत जाते. गिरणीचा पट्टा फिरायला लागतो आणि ती पंचवीस वर्षं मागं जाऊन पडते. तिथं तिला भेटते मंगल. म्हणजे तिची स्वतःचीच आई, पण सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी! मंगलची शाळा सोडवून लग्न लावायचं घरात ठरलेलं. आता गौरीनं ते थांबवलं तर आई शिकेल. पण आईचं लग्न झालं नाही तर गौरी जन्मणार कशी?

"हितं इंटरव्हल!" सलीमभाई म्हणाले.

"आणि पुढे?"

"पुढचं तुमी बघा. मी इंटरव्हलपतुर आणून दिलं की!"

* * *

पुढचं बघायला आम्ही सांगलीहून ऋता मॅडमना बोलावलं. वय असेल अठ्ठावीस. पुण्यात पटकथालेखनाचा कोर्स केलेला. येताना त्या पांढरा बोर्ड आणि तीन रंगांचे मार्कर घेऊनच आल्या. सलीमभाईंच्या स्टुडिओत बोर्ड टेकवला आणि त्यावर तीन चौकोन काढले.

"कुठल्याही गोष्टीचे तीन अंक असतात. पहिल्यात ओळख आणि ठिणगी. दुसऱ्यात संघर्ष. तिथून मागे फिरता येत नाही. तिसऱ्यात शेवट, आणि माणूस बदललेला."

सलीमभाईंनी बराच वेळ बोर्डाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे हळद, अक्षता आन् पाठवणी!"

मॅडम काही तरी बोलणार होत्या. थांबल्या. बोर्डाकडे बघितलं, सलीमभाईंकडे बघितलं आणि मुकाट्यानं तिन्ही चौकोनांत लिहिलं: हळद, अक्षता, पाठवणी.

त्या दिवसापासून आमची सगळी चर्चा याच भाषेत. "सर, हा सीन लय लांबला, हळदीतच बारा मिनिटं गेली!" किंवा "अक्षता पडल्यावर नवीन माणूस आणू नका!"

एकदाच घोळ झाला. मॅडम म्हणाल्या, "गौरीला आर्क नाहीये. आर्क हवा."

सलीमभाईंनी लगेच मोबाइल काढला. "आत्ता सांगतो मंडपवाल्याला. कमान फुलांची पायजे का थर्माकोलची?"

* * *

आमच्यातले चौथे म्हणजे सुभेदार. माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. सत्तावीस वर्षं फौजेत काढून रिटायर झालेले. त्यांच्या गावातलं जुनं हायस्कूल आम्हाला शूटिंगला मिळालं ते त्यांच्यामुळेच. म्हणून त्यांना मंगलच्या काकाची भूमिका द्यावी लागली. आणि स्क्रिप्ट ऐकवावं लागलं.

पूर्ण ऐकून ते म्हणाले, "पोरगी मागं जाणार. कबूल. वापस कशी येणार?"

 तो विचार कुणीच केला नव्हता.

"एक्झिट रूट न्हाई, वायरलेस न्हाई, साथीला दुसरा जवान न्हाई. आन् डायरेक्ट पोरीला पुढं घालताय? अगोदर टेस्टिंग करा की!"

"टेस्टिंग कशानं?"

"आमच्याकडं शेळ्या हायेत."

अशा तऱ्हेनं पटकथेत शेळी आली. गौरीच्या आधी दहा दिवस तीच गिरणीत शिरते आणि गायब होते. ऋता मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, एकदा शेळी दाखवली की पुढे तिचं काहीतरी व्हायला लागतं. प्रेक्षक वाट बघत बसतात."

सुभेदारांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी फोन आला, "शेळी गाभण दाखवा. पोरगी मागं पोचंल तवर दोन करडं!"

तसंच केलं. स्पर्धेत आमच्या सिनेमाला सगळ्यात मोठी टाळी पडली ती गौरीला आई भेटते तेव्हा नाही. शेळी भेटते तेव्हा!

* * *

गिरणीचा सीन रहिमतपुरातच घेतला. गिरणीवाले आण्णा सत्तरीचे. भुवयांवरसुद्धा पीठ. सलीमभाईंनी त्यांना पाऊण तास समजावलं: पट्टा फिरणार, धूर होणार, पोरगी आत जाणार आणि पंचवीस वर्षं मागं निघणार.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न्हाई जमायचं."

"का ओ आण्णा? पंधरा मिनिटांचं काम हाय."

"आमच्याकडं दाणं आत, पीठ भायेर. उलटं आजपतुर कधी झालं न्हाई. गिरणीचं नाव खराब हुईल."

शेवटी सिनेमात ही दुसऱ्याच कुणाची तरी गिरणी म्हणून दाखवतोय असं सांगितलं, तेव्हा परवानगी मिळाली. त्यातही एक अट घातली. गिऱ्हाईक आलं की टाइम ट्रॅव्हल बंद! ज्वारीवाल्या तीन बायका आल्या, आमची नायिका तीन वेळा वर्तमानात परत आली.

* * *

नायिका गौरी ही खरीखुरी गौरीच. माझी अकरावीतली विद्यार्थिनी, रहिमतपूरची. सिनेमातल्या पोरीलाही तिचंच नाव ठेवलं, कारण दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती वळूनच बघायची नाही.

पंचवीस वर्षं मागं आल्याचं तिला कळतं, तिथं मी मोठा संवाद लिहिला होता. "हे काळा, तू मला कुठल्या किनाऱ्यावर आणून टाकलंस?" असा. माझा मलाच आवडला होता.

गौरीनं तो दोनदा वाचला. "सर, राग मानू नका. पण असं कुणी बोलत न्हाई."

"बरं, मग तू काय म्हणशील?"

तिनं आजूबाजूला बघितलं. शेळीकडे बघितलं.

"आयला, अडकली की मी!"

माझ्या अकरा ओळी गेल्या, तिची एक राहिली.

त्याच सीनमध्ये ती मोबाइल वर धरून माळावर रडवेली होऊन भटकते. परीक्षकांनी त्या अभिनयाचं फार कौतुक केलं. "काळात हरवलेल्या मुलीची असहायता!" वगैरे. प्रत्यक्षात सुभेदारांच्या गावात रेंज नव्हती आणि तिला मैत्रिणीला वाढदिवसाचा मेसेज पाठवायचा होता. सलीमभाईंनी गुपचूप कॅमेरा चालू ठेवला, एवढंच.

* * *

गौरीबरोबर तिची आई यायची. सुनंदाताई. पहिल्या दिवशी त्या मुलीवर लक्ष ठेवायला आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हा सगळ्यांचा डबा आणायला लागल्या. बोलायच्या कमी. कॅमेऱ्याच्या मागं सतरंजीवर बसून शेंगा सोलायच्या.

मंगलचा शाळा सोडल्याचा दाखला काढायचा सीन मला काही जमत नव्हता. मी लिहिलं होतं, की वडील येतात, मंगल पाया पडते, विनवण्या करते, अश्रू. तो वाचून दाखवत असताना सुनंदाताई पहिल्यांदाच मध्ये बोलल्या.

"आवं सर, पाया कशाला पडंल ती? तिला कुठं म्हाईत असतंय?"

"म्हणजे?"

"मी वर्गात हुते. इतिहासाचा तास. खिडकीतनं काका दिसलं, ऑफिसकडं चाललेलं. मला वाटलं गावाकडचं काय तरी काम असंल. मी हात केला त्यांना. तास संपल्यावर शिपाई सांगत आला, दप्तर घेऊन घरी जा म्हणून." शेंगा सोलायचं थांबलं नव्हतं. "बारावीची परीक्षा दोन म्हैन्यांवर हुती. हॉल तिकीट यायचं हुतं."

 गौरी आईकडे बघत राहिली. तिलाही हे नवीनच असावं.

मी वडील खोडले, काका लिहिले. अश्रू खोडले, खिडकी लिहिली.

* * *

शेवटावरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं.

ऋता मॅडमचं म्हणणं, मंगल परीक्षेला बसते आणि गौरी हळूहळू पुसट होत नाहीशी होते. "शोकांतिका! लॉजिक पण बसतं."

सलीमभाई उसळले. "पाठवणीत नवरीच गायब? लोक मंडप मोडतील!" त्यांच्या मते गौरीनं हार मानून परत यावं आणि आईच्या गळ्यात पडून रडावं.

सुभेदार म्हणाले, "दोन्ही कॅन्सल. गिनती पुरी पायजे. पोरगी, शेळी, दोन करडं, सगळे वापस."

तासभर झाला. शेवटी सलीमभाई सतरंजीकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा. आई शिकली तर पोरगी जाती. पोरगी ठेवली तर शिक्षण जातंय. काय करायचं?"

सुनंदाताईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. प्रश्न नीट समजून घेतला. मग म्हणाल्या,

"बारावी हू दे की तिची."

"आन् गौरी?"

"ती हाय लय हट्टी. कुठनं तरी येतीच."

"आई!" गौरी ओरडली.

दुपारी तिनं आईच्या डब्याला हात लावला नाही. चारच्या सुमारास मात्र दोघी एका ताटलीत दहीभात खाताना दिसल्या. शेवट काही ठरला नाही. मॅडम म्हणाल्या, तिन्ही शूट करू, एडिटिंगला बघू.

* * *

आणि मग तो दाखल्याचा सीन.

सुभेदारांच्या गावातलं हायस्कूल. टेबल, शाईचा शिक्का, पत्र्याचं कपाट. काका झालेले सुभेदार पांढऱ्या टोपीत, हातात पेन. समोरच्या वर्गाच्या खिडकीत मंगल झालेली गौरीची मैत्रीण श्रावणी. दाराशी गौरी. तिनं धावत येऊन काकांना अडवायचं, काकांनी तिला झिडकारून सही करायची, असं लिहिलेलं. तीन टेक वाया गेलेले. एकदा गौरी हसली, एकदा शेळी ओरडली, एकदा सुभेदारांनी सहीच्या आधी सवयीनं रँक लिहिली.

चौथा टेक. सलीमभाई म्हणाले, "ॲक्शन!"

सुभेदारांनी पेन कागदाला लावलं. आणि कॅमेऱ्याच्या मागून सुनंदाताई निघाल्या. हिरवी साडी, दंडाला डब्याची पिशवी अडकवलेली. डब्यासाठी त्या दिवशी मागं राहून त्या नुकत्याच येऊन पोचल्या होत्या. सरळ चालत फ्रेममध्ये गेल्या. सुभेदारांच्या पेनाखालून कागद ओढला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"पोरगी परीक्षेला बसनार हाय. जावा तुमी घरला."

आवाज चढवला नाही. पण सत्तावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस खुर्चीवरून ताडकन उठला, "जी" म्हणाला आणि सरळ दारातून बाहेर गेला!

खिडकीतली श्रावणी खरीखुरी रडायला लागली. दाराशी गौरी आपलं वाक्य विसरून उभी. तिच्या तोंडून फक्त "आई" एवढंच निघालं, तेही श्रावणीकडे न बघता.

सुनंदाताईंनी मग आमच्याकडे बघितलं. सगळे आपल्याकडे असे का बघताहेत ते त्यांना कळेना. "जेवताय न्हवं?" म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बाहेर गेल्या.

सलीमभाई "कट" म्हणायचं विसरले होते. ऋता मॅडमनी हातातली स्क्रिप्ट मिटली. "हे कुठल्याच अंकात बसत नाही," त्या म्हणाल्या. "पण खबरदार, कुणी काढलंत तर."

कागद आमच्या सामानातला होता. तो काही परत मिळाला नाही. आम्हीही मागितला नाही.

सांगलीला सिनेमा त्याच सीनवर संपला. नंतर व्यासपीठावर प्रश्नोत्तरं झाली. परीक्षक बाई पुण्याच्या होत्या, चष्मा पुसत उठल्या. "शेवट विलक्षण आहे. पण एक कळलं नाही. ती हिरव्या साडीतली बाई नेमकी कुठून येते? ती मोठेपणीची मंगल आहे का? कुठल्या काळातून आली ती?"

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे. मॅडमनी माइक हातात घेतला, "ती एका अर्थानं..." म्हणाल्या आणि थांबल्या. 

मागून चौथ्या रांगेत सुनंदाताई उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे.

"मी व्हय? रहिमतपुरातनं. साडेआठच्या एस्टीनं."